रेघ ओढायला शिकायचं होतं, २९,९०९ रुपये गेले

ही गोष्ट घरातसुद्धा मी महिनाभर लपवली. आज लिहितोय, कारण बुलेटच्या टाकीवर हाताने रेघ ओढायला ऑनलाइन शिकवतो म्हणून मला फसवणारी मंडळी नवीन नाव लावून नवीन बॅच भरतायत आणि त्यांच्या जाहिरातीत अजून तीच टाकी फिरतेय. लाल टाकी, सोनेरी दुहेरी रेघ.

आधी सांगतो, मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, सोळा वर्षं टू-व्हीलर स्पेअर्सचं दुकान चालवतोय, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे मला कळतं. दुकानात जुन्या बुलेट नव्याने उभ्या करणारी पोरं येतात. टाकी रंगवून मिळते, क्रोम करून मिळतं, पण टाकीवरची ती बारीक रेघ हाताने ओढणारा माणूस मिळत नाही. बुलेटच्या टाकीवरची रेघ चेन्नईत वर्षानुवर्षं कारागिरांनी हाताने ओढली. आपल्याकडे मात्र रेडियमची पट्टी चिकटवून मोकळे होतात. मला वाटलं, संध्याकाळी दोन तास बसून हे शिकलो तर हातात कला येईल आणि गिऱ्हाईकही आहे. यात हावरेपणा कुठे होता?

३ ऑगस्टला नोंदणीचे ४९९ भरले. ५ तारखेला कोर्सचे ८,५००. १४ तारखेला किटचे ६,७५०: खारीच्या केसांचे तीन 'इम्पोर्टेड' ब्रश आणि परदेशी लेटरिंग एनॅमलचे चार डबे. २९ ऑगस्टला, 'तुमचा हात फार छान आहे सर, आमचं जॉबवर्क घ्या' म्हणून १२,००० डिपॉझिट. आठवड्याला बारा टाक्या घरपोच, टाकीमागे ६५० रुपये. ३० तारखेला त्या डिपॉझिटवर १८ टक्के जीएसटी, २,१६०. पुढचा मार्ग तुम्हाला ठाऊकच आहे. टाक्या निघाल्या, गणपतीमुळे ट्रान्सपोर्ट अडकलं, विसर्जनानंतर पोचतील, आणि मग वाहतूक विम्याचे ४,८०० भरा. तिथे मी थांबलो. दुसऱ्या दिवशी ग्रुप बंद.

परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर जीएसटी लागत नाही. मी स्वतः महिन्याच्या महिन्याला रिटर्न भरतो. हे मला कळायला हवं होतं, आणि पैसे पाठवताना मनात आलंही होतं. पण तोवर २७,७४९ रुपये गेलेले होते, आणि गेलेल्या पैशांमागे माणूस आणखी पैसे पाठवतो.

पण खरं कळायला हवं होतं ते त्याच्याही आधी, दुसऱ्या लाइव्ह क्लासला. तो प्रसंग डोक्यातून जात नाही.

वरून कॅमेरा लावलेला, खाली टाकी. त्या 'सरां'नी ब्रश थेट डब्यात बुडवला, टाकीजवळ नेला आणि नेटवर्क गेलं. अर्ध्या मिनिटाने चित्र परत आलं तेव्हा रेघ पूर्ण झालेली. एकसारखी जाडी, दोन्ही कडा धारदार, आणि दोन्ही टोकं काटकोनात कापल्यासारखी चौकोनी. ग्रुपमधल्या एका मुलाने विचारलं, "सर, ब्रश आधी पॅलेटवर घासून घ्यायचा नाही का? आणि शेवट टोकदार कसा नाही आला?" पाच सेकंदांत त्याचा माइक बंद, दहा सेकंदांत तो ग्रुपबाहेर. "काही लोक शिकायला नाही, शिकवायला येतात," असं सर म्हणाले.

मी ते सगळं पाहिलं. आणि मला त्या मुलाचा राग आला. आगाऊ आहे, आमचा वेळ खातोय, असं वाटलं. त्याने विचारलेला प्रश्न अगदी पहिल्या दिवसाचा प्रश्न होता. लायनिंगचा, म्हणजे रेघ ओढायचा ब्रश तलवारीच्या पात्यासारखा असतो, केस जवळपास दोन इंच लांब. तो रंगात बुडवून गुळगुळीत कागदावर पुढे-मागे, दोन्ही बाजूंनी घोळवायचा, म्हणजे केस चपटे बसतात आणि रंग मुळापर्यंत सारखा पोचतो. हे केलं नाही तर सुरुवातीला रंगाचा गोळा पडतो आणि वीतभर पुढे रेघ कोरडी होते. आणि हात उचलताना हाताची रेघ निमुळती होते. चौकोनी टोक टेपचं असतं. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी टेप लावून रंगवलेली तयार टाकी पुढे सरकवली होती.

कोणाकडूनही ही कला शिकणार असाल तर पैसे देण्याआधी एकच मागा: डब्यात ब्रश बुडवण्यापासून हात उचलेपर्यंत, न तोडता, समोर एक रेघ ओढून दाखवा. टाळाटाळ झाली की उठा.

ब्रश आले ते आखूड आणि ताठ. मी स्वतःलाच दोष देत राहिलो. पंधरा रात्री काचेवर सराव केला, रेघ ओढायची, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायची, पुन्हा ओढायची, आणि प्रत्येक रेघ वीतभरात तुटत होती. शेवटी पूर्वी ट्रकच्या फाळक्यांवर काम करणाऱ्या आमच्या गावच्या पेंटरकाकांना ब्रश दाखवला. त्यांनी एक केस उपटला, काडीपेटीची काडी ओढली आणि केस ज्योतीवर धरला. त्याचा मणी झाला. "नायलॉन आहे रे. खऱ्या केसाची राख होते, घाण वास येतो. हा रंग धरणारच नाही, नुसता सांडेल." डब्यांवर परदेशी लेबल होतं, आत आपल्या हार्डवेअरच्या दुकानातलं साधं एनॅमल. काकांनी त्याच बैठकीत स्वतःचा ब्रश माझ्या हातात दिला, करंगळी टेकवायला लावली, नजर ब्रशच्या टोकावर नको तर पुढे जिथे जायचंय तिथे ठेव म्हणाले, आणि रेघ स्वतःकडे ओढायला लावली. दीड फूट सलग आली. मला रडू आलं. ते माझ्या दुकानापासून चार गल्ल्यांवर राहतात.

तक्रारीचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी ९ सप्टेंबरला फोन केला, म्हणजे शेवटच्या पैशानंतर दहा दिवसांनी. ही चूक माझी. लाज वाटत होती. तुम्ही लाजू नका, त्याच तासात फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात ते तेव्हाच.

बाकीचं माझ्या माथी कशाला? बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. निदान माझे पैसे ज्यांत गेले ती तीन खाती कोणाची हे पोलिसांना कळवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेलो, सायबरला जा. सायबरला गेलो, रक्कम लहान आहे, आधी ठाण्यातून या. परत ठाण्यात. तिथे अंमलदारसाहेब किट हातात घेऊन म्हणाले, "वस्तू मिळालीय की तुम्हाला. मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." आणि शेजारच्याला, "रेघ मारायला शिकायचे तीस हजार!" दोघं हसले. चार फेऱ्या, चार दिवस अर्धं दुकान बंद. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना? गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तो नोंदवून घेता येतो असं नव्या कायद्यात लिहिलंय ना? हे मी बोललो तर, "वकील आहात का?" माणूस चोराकडून एकदा लुटला जातो, पण तक्रार करायला गेल्यावर रोज त्याचा अपमान होतो. लेखी पोच मागितली, चौथ्या फेरीला मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणखी एक. पैसे पाठवताना स्क्रीनवर येणारं नाव वाचा. माझे पाच व्यवहार तीन वेगळ्या नावांवर गेले, एकही नाव त्या सरांचं नव्हतं. चॅट रागाने उडवू नका. ब्रशही टाकू नका, तो पुरावा आहे.

आता ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यासाठी साक्षीदार हवेत. ग्रुपमध्ये त्रेचाळीस जण होतो, सहा जणांशी बोलणं झालंय, चार तयार आहेत.

दुसऱ्या क्लासला प्रश्न विचारणारा तो मुलगा अजून सापडलेला नाही. मी त्याचा नंबर तेव्हा जतन केला नाही. भाऊ, तू हे वाचत असशील तर मला कळव. तुझा प्रश्न मला लेखी हवा आहे, आणि त्या दिवशी मी तुझ्या बाजूने बोललो नाही त्याची माफीही मागायची आहे.