एटीव्हीचा क्रिम्प केलेला ऑईल होज: द्राक्षाच्या गोडी (ऑक्टोबर) छाटणीपासून मेपर्यंत, ८ महिन्यांचा अनुभव

द्राक्षबागेत चालणाऱ्या २५० सीसी एअर-कूल्ड एटीव्हीचं (चार जाड टायरांच्या उघड्या गाडीचं) इंजिन बांधताना रिंगा, गॅस्केट, व्हॉल्व्ह सील सगळं नवीन पडतं आणि ऑईल कूलरचे दोन होज (रबरी नळ्या) मात्र पुसून परत बसवले जातात. मग नवं इंजिन तापतं आणि खापर ऑईल पंपावर फुटतं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या होजचं आतलं रबर बहुतेक वेळा सुटलेलं असतं.

हे ओळखायला होज डिझेलने धुवून घ्या. एका टोकातून कॉम्प्रेसरची हलकी हवा सोडा, मग दुसऱ्या टोकातून. एकीकडून हवा सरळ गेली आणि उलटीकडून अडली, तर आतला पापुद्रा झडपेसारखा लोंबतोय असं समजा. तो भिंतीला चिकटून पडला असेल तर उजेडाकडे धरल्यावर होज आरपार मोकळाही दिसतो, म्हणून नुसत्या नजरेवर तो पास करू नका. त्याच वेळी बंजो बोल्टची, म्हणजे होजच्या टोकाच्या गोल कडीतून (बंजोतून) जाणाऱ्या पोकळ बोल्टची, आडवी भोकंही तारेने साफ करा. गॅस्केटला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे तिथेच येऊन अडकतात.

जुन्याच्या जागी बसवलेले होज असे: आतला व्यास ८ मिमी, आतून नायट्राइल रबर, मध्ये कापडी वेणी, दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले (धातूची टोपी यंत्राने दाबून पक्के केलेले) बंजो. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत हायड्रॉलिक होज क्रिम्प करणाऱ्याकडे हे काम होतं, फक्त माप नीट न्या. सुतळीने बंजोच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि १५ ते २० मिमी जास्त धरा, कारण दाबाखाली होज थोडा आखडू शकतो. दोन्ही बंजोंचा आपसातला कोनही जाड पुठ्ठ्यावर आखून न्या. हा कोन चुकला की बसवताना होजला पीळ पडतो. होजवर छापलेली रेघ सरळ न दिसता फिरलेली दिसली तर तो परत करा. क्रिम्पच्या अगदी तोंडाशी वळण देऊ नका.

रेडिएटरचा होज वापरायचा मोह टाळा. त्याचं ईपीडीएम रबर पाण्याला चालतं, पण इंजिन ऑईलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. साधा सिलिकॉन होजही नको, त्यातून ऑईल पाझरतं.

दोन होजना ४ बंजो, म्हणजे तांब्याचे ८ वॉशर लागतात: प्रत्येक बंजोच्या वर एक, खाली एक. जुने वापरायचेच असतील तर लालभडक तापवून गार करा, म्हणजे तांबं मऊ पडतं. एम-१० बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर साधारण १८ ते २० न्यूटन-मीटर पुरे, मात्र गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच धरा. बोल्ट घट्ट लागूनही गळत असेल तर आणखी पिळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातील. आधी बोल्टची लांबी पाहा. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि वॉशर दाबलाच जात नाही.

बसवताना होजमध्ये ऑईल भरून घ्या, मग स्पार्क प्लग काढून इंजिन थोडं फिरवा. चालू केल्यावर २-३ मिनिटांत बंद करा, १० मिनिटं थांबा आणि लेव्हल बघा. कूलर भरल्यामुळे ती उतरलेली असते.

आता ८ महिन्यांचा हिशेब. क्रिम्पमधून एक थेंबही आलेला नाही. एका बंजोला पहिल्याच दिवशी ओल दिसली होती. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना बोल्टचा टॉर्क (आवळणी) तपासून घेतल्यावर ती थांबली.

तक्रार सायलेन्सरच्या बाजूच्या होजची आहे. पाइपपासून अंतर जेमतेम ३० मिमी. तिथलं वरचं रबर कडक झालंय आणि वाकवल्यावर केसासारख्या चिरा दिसतात. नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंतच सतत टिकतं, आणि बागेच्या ओळींत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, तेही मे महिन्यात, कूलरला वारा मिळत नाही. या एका जागेसाठी आतून व्हायटॉन (उष्णता सोसणारं फ्लोरो-रबर) असलेला होजच घ्यावा. तो महाग पडतो, पण उष्णतेत नायट्राइलपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. तो मिळेपर्यंत ग्लास फायबरची बाही चढवा आणि क्लॅम्प लावून अंतर वाढवा.

द्राक्षबागेतले आणखी दोन त्रास. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ओळीत पडलेल्या काड्या खालून उसळून होजवर घासतात. प्लॅस्टिकचा स्पायरल गार्ड गुंडाळल्यापासून नवे ओरखडे नाहीत. दुसरा त्रास बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा. मोरचुदाचं पाणी क्रिम्पवरचा जस्ताचा मुलामा आणि कूलरचं ॲल्युमिनियम दोन्ही खातं. फवारणीच्या दिवशीच साध्या पाण्याने धुवा, वाळू देऊ नका. न धुतलेल्या फिटिंगवर पांढरट पूड धरते आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडतात.

गळती शोधताना धूळ फसवते. वाऱ्याने ऑईल मागे पसरतं, म्हणून काळा थर जिथे जाड तिथे दोष नसतो. सगळं डिझेलने धुवून कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि १० मिनिटं गाडी चालवा. सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा ओला ठिपका धरा. तो क्रिम्पच्या कडेला असेल तर होज बदला, बंजोच्या कडेला असेल तर आधी वॉशर.