पाणकावळ्यांसाठी घेतलेली जाळी: बोहरी आळीतून यवतला

यवतजवळ आमचं शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडतो. थंडी सुरू झाली की पाणकावळे उतरतात आणि बोटुकल्यांचं, म्हणजे बोटभर पिल्लांचं, काही खरं नसतं. बुडी मारतो, भलतीकडेच वर येतो, चोचीत आडवा आलेला मासा उडवून डोक्याकडून गिळतो, की लगेच पुन्हा खाली. मोठ्या जातीचा पाणकावळा दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास मासे खातो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात माशाला लपायला ना दगड, ना गवत.

म्हणून पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून पीळदार धाग्याची काळी जाळी आणली. दोन इंची आस (म्हणजे जाळीचं भोक), उन्हाला टिकणारी, किलोवर तोलून मिळते. हंगाम तिच्यावर निघाला, आणि मी तिच्यावर खूश आहे.

दुकानात तंगुसाची, म्हणजे एकेरी पारदर्शक नायलॉन धाग्याची, बारीक जाळीही दाखवतात. स्वस्त असते, पण कृपा करून घेऊ नका. पक्ष्याला ती दिसतच नाही. शेजारच्या तळ्यावर एका ढोकरीचा पंख तिच्यात असा गुंतला होता की कात्रीने एकेक धागा कापत तिला सोडवावं लागलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण आहे. कायदा नसता तरी मी त्यांना मारलं नसतं. पुण्याजवळ कवडीपाटला नदीवर पंख पसरून वाळवत बसलेले हेच पाणकावळे दाखवायला मी मुलीला नेतो.

गावात बरेच जण म्हणतात, सरकारनेच यांचा बंदोबस्त करावा. अमेरिकेत तो करून झालाय. १९९८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या मत्स्यशेतकऱ्यांना पाणकावळे मारायची सरसकट मुभा दिली, २००३ मध्ये सार्वजनिक पाण्यातले मासे वाचवायला २४ राज्यांत आणखी एक. २०१६ मध्ये न्यायालयाने दोन्ही रद्द केल्या. २०२० च्या अखेरीस नवा नियम आला: परवाने राज्यांना, आणि वर्षाला जास्तीत जास्त १,२१,५०४ पक्षी. तिथल्याच कोलंबिया नदीच्या मुखाशी ईस्ट सँड नावाचं बेट आहे. सॅमन माशांची पिल्लं वाचवायला तिथे २०१५ पासून पाणकावळ्यांना गोळ्या घातल्या, अंड्यांवर तेल ओतलं. मे २०१६ मध्ये अख्खी वसाहत उठली आणि पुढे हजारो पक्षी नदीच्या वरच्या अंगाला, अस्टोरियाच्या पुलावर घरटी करू लागले. तिथे समुद्री मासे कमी, त्यामुळे त्यांच्या पोटात सॅमन उलट जास्तच जाऊ लागले. आपल्याकडे सुतळी बॉम्ब लावला की थवा शेजाऱ्याच्या तळ्यावर जातो आणि संध्याकाळी परत येतो, तसंच हे. पक्षी हलवून मासे वाचत नाहीत, पाणी झाकून वाचतात.

आता जाळीच्या खोडी. काठाला दोरी ओवलेली नसते. तशीच ताणली तर कडेचे आस फाटतात. नायलॉनची दोरी स्वतः ओवावी लागते, आणि हे काम भयंकर वेळखाऊ आहे. उत्पादकांनी चार पैसे जास्त घ्यावेत, पण किनार बांधूनच द्यावी. दुसरं म्हणजे, एका बाजूने ताण दिला की दुसऱ्या बाजूने जाळी आखडते, म्हणून तळ्याच्या मापापेक्षा बरीच जास्त घ्या. दुकानदाराने बांधाचा उतार विचारून, तो धरून माप काढून दिलं, हे मला फार आवडलं. जाळीखाली आडव्या-उभ्या तारा हव्यातच. झोळ पाण्याला टेकला की बगळा वर उभा राहून आसातून चोच घालतो. कडा थेट बांधापर्यंत आणा, कारण तो चालतही आत येतो. छोटा खंड्या आरपार जातो. त्याचं पोट केवढंसं, जाऊ दे.

शेततळ्याच्या अनुदानात या जाळीचा, तारांचा आणि खांबांचा खर्च धरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

घ्यायला जाताना चारचाकी आळीत घालू नका. गठ्ठा जड असतो, हमाल बघा आणि टेम्पो बाहेर रस्त्यावरच थांबवा.