दीक्षा अ‍ॅप: पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा उपयोग किती?

केंद्र सरकारने 2017 साली सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक अ‍ॅपची खरी ताकद बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमध्ये आहे. बोर्ड, माध्यम, इयत्ता निवडून कोड स्कॅन करायचा. छपाई पुसट असली, तर त्याखालचा सहा अक्षर-अंकांचा कोड टाइप केला तरी धड्याचं साहित्य उघडतं. ही सोय उत्तमच! रेंज नसलेल्या गावात शिक्षकांनी ते आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवावं. यूट्यूबवरून जोडलेले व्हिडिओ मात्र असे उतरवता येत नाहीत, आणि वर्ग नेमका तिथेच अडतो.

प्रगती स्कॅनच्या आकड्यांवर मोजणं मला पटत नाही. एका फोनभोवती तीस मुलं बसली तरी स्कॅन एकच नोंदला जातो. व्हिडिओ संपल्यावर पाच प्रश्न वहीत सोडवून घ्या, मग कळेल कोणाला किती समजलं.