साथीची खबर देणारी संकेतस्थळं : कोकणात कामाचं कोणतं?

तळकोकणातल्या माणसाने शिकून घ्यावी अशी एकच गोष्ट आहे : केंद्र सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची, म्हणजे आयडीएसपीची, साप्ताहिक उद्रेक यादी. हेल्थमॅप (2006) बातम्या वेचून नकाशावर खुणा करतो; त्यात मुंबई दिसेल, सिंधुदुर्गातलं दोडामार्ग दिसेलच असं नाही. प्रोमेड या साथींच्या इशारा-सेवेचे (1994 पासून) इशारे तज्ज्ञ चाळून देतात, पण ते जगासाठी, गावासाठी नव्हेत.

आयडीएसपीची यादी पीडीएफमध्ये मिळते. आठवडा सोमवार ते रविवार. यादी इंग्रजीत असल्याने जिल्ह्याचं नाव इंग्रजी स्पेलिंगनेच शोधा आणि मोबाइल आडवा धरा, नाहीतर शेवटचा रकाना वाचता येत नाही. खरा माल तिथेच असतो : गाव, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, किती रक्तनमुने घेतले, किती पॉझिटिव्ह आले. त्याच्या आधी दोन तारखा असतात, साथ सुरू झाल्याची आणि कळवल्याची. या दोन तारखांतलं अंतर आवर्जून बघा. मागच्या आठवड्यांतले उशिरा कळवलेले उद्रेक वेगळ्या तक्त्यात असतात. तो बहुतेकजण उघडतच नाहीत.

मोठा दोष उशिराचा. पीडीएफ चढेपर्यंत आठवडे उलटतात. त्यात लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून चिखल-पाण्यात येणाऱ्या जंतूंचा) ताप चिखलात उतरल्यावर साधारण 5 ते 14 दिवसांनी येतो आणि आयजीएम एलायझा ही रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून यादीत आपला तालुका नाही याचा अर्थ साथ नाही, असा कधीही घेऊ नका.

मग यादीचा उपयोग काय? गेल्या तीन-चार वर्षांच्या याद्या उतरवून घ्या आणि वर्षाचे 27 ते 40 हे आठवडे चाळा. लावणीपासून कापणी तोंडावर येईपर्यंतचा लेप्टो-डेंग्यूचा काळ त्यात येतो. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात 1 ते 20 आठवडेही बघा. गोचिडींच्या चाव्यातून होणारा माकडताप तिथे 2016 पासून आहे, आणि गोचिडींचा हंगाम नेमका काजू गोळा करायच्या दिवसांत पडतो. कुठल्या उपकेंद्राचं नाव पुन्हापुन्हा येतं ते कळलं की ग्रामसभेत फवारणीची, औषधांची मागणी पुराव्यानिशी करता येते.

खंत एका गोष्टीची वाटते. एप्रिल 2021 पासून आयएचआयपी हा रोगांची माहिती ऑनलाइन नोंदवायचा सरकारी मंच देशभर सुरू आहे, आरोग्यसेविका गावागावातून त्यावर माहिती भरतात, पण ती गावनिहाय माहिती लॉगिनच्या आड राहते. निदान तालुक्याचा आकडा तरी लोकांसमोर ठेवायला हवा.

आजची स्थिती हवी असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा. आणि लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर यादीकडे न बघता त्याच दिवशी केंद्रात जा. चिखलात कधी उतरला होतात, ती तारीख डॉक्टरांना सांगा.