चाळिशीनंतर विजेचे काम शिकताना: आयटीआय, महिन्याभराचे प्रशिक्षण की वायरमनच्या हाताखालची उमेदवारी?

पस्तिशी-चाळिशी ओलांडलेला, दोन-चार एकर कोरडवाहू वावर असलेला माणूस विजेचे काम शिकायचे ठरवतो, तेव्हा विदर्भातल्या खेड्यात त्याच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली तालुक्याच्या आयटीआयमधला दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दुसरी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतील अल्पमुदतीचे निवासी प्रशिक्षण आणि तिसरी एखाद्या जाणत्या वायरमनच्या किंवा मोटार भरणाऱ्याच्या (जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग पुन्हा करणाऱ्याच्या) हाताखाली काम. हातात कसब या तिन्ही वाटांनी येऊ शकते. शिकून झाल्यावर कायद्याने कोणते काम स्वतःच्या जबाबदारीवर करता येईल आणि शिकण्याच्या काळात घर कशावर चालेल, या दोन बाबतींत मात्र त्या फार वेगळ्या आहेत, आणि निर्णय घेताना याच दोन बाबी आधी तपासाव्यात असे मला वाटते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, बटणे किंवा घरगुती उपकरणे बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता ग्राहकाच्या जागेतील वीजसंच मांडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच (वायरमनकडूनच) व्हावे लागते. नवीन मीटरसाठी अर्ज करताना ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला, लागतो तो याचमुळे. गावात परवान्याशिवाय फिटिंग करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले कित्येक उत्तम कारागीर आहेत, हे खरे आहे. परंतु टेस्ट रिपोर्टसाठी त्यांना दुसऱ्याच्या दारात जावे लागते, शाळा, ग्रामपंचायत किंवा जिनिंगचे काम त्यांच्या नावावर मिळत नाही, आणि उद्या त्या घरात अपघात झाला तर त्यांच्या बाजूने दाखवायला एकही कागद नसतो. वीस वर्षे हे काम करण्याचा विचार असेल, तर परवाना ही पहिल्या दिवसापासून डोळ्यांपुढे ठेवण्याची गोष्ट आहे.

आयटीआयची वाट त्या परवान्याकडे सर्वांत सरळ जाते. प्रवेशासाठी वयाची खालची मर्यादा १४ वर्षे आहे, वरची मर्यादा नाही, त्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षीही अर्ज करता येतो. इलेक्ट्रिशियन या व्यवसायाला गणित व विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. वायरमन हा व्यवसायही दोनच वर्षांचा आहे आणि त्याला आठवीवर प्रवेश मिळतो, ही गोष्ट दहावीत अडकलेल्या अनेकांना माहीतच नसते. इलेक्ट्रिशियनचा अभ्यास अधिक रुंद आहे, कारण त्यात घरातील वायरिंगबरोबर मोटारी, वाइंडिंग आणि रोहित्र यांचाही समावेश असतो.

मोठ्या वयाच्या उमेदवाराची खरी अडचण गुणवत्ता यादीत होते. यादी दहावीच्या गुणांवर लागते, आणि १९९५ किंवा २००० साली मिळवलेले पन्नास-पंचावन्न टक्के, जे त्या काळी गावात अभिमानाने सांगितले जात, ते आजच्या मुलांच्या ऐंशी-पंचाऐंशी टक्क्यांपुढे तोकडे पडतात. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थेचा हट्ट न धरता लहान तालुक्यातील संस्था आणि वायरमन व्यवसाय हे पर्यायही अर्जात भरावेत. दुसरी अडचण हजेरीची आहे. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते, आणि संस्थेचे सत्र नेमके डवरणी, सोयाबीनची कापणी आणि दिवाळीपासून चालणारी कापसाची वेचणी यांच्या अंगावरून जाते. घरात वावर पाहणारे दुसरे माणूस नसेल, तर दोन हंगाम ठोक्याने किंवा बटईने देण्याची तयारी ठेवावी लागेल. शासकीय संस्थेची फी मोठी नसते. बुडालेली मजुरी आणि हातचा हंगाम हा या वाटेचा खरा खर्च आहे, आणि तो घरातल्या सर्वांशी बसून आधी मांडला पाहिजे.

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणात हा खर्च जवळजवळ नसतो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था अग्रणी बँकांकडून जिल्हावार चालवल्या जातात, प्रशिक्षण, राहणे व जेवण विनामूल्य असते आणि वायरिंग किंवा मोटार वाइंडिंगचा वर्ग साधारण महिनाभरात आटोपतो, त्यामुळे उन्हाळ्यात वावर रिकामे असताना तो सहज बसतो. पुढे बँकेकडे कर्जासाठी जाताना तिथल्या प्रमाणपत्राचा उपयोगही होतो. येथे वयाला वरची मर्यादा असल्याने चाळिशी ओलांडलेल्याने आधी विचारून घ्यावे. मात्र हे प्रमाणपत्र आयटीआयच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाही, आणि महिनाभराच्या शिक्षणावर तीन फेजचा पॅनेल उघडणे जिवाशी खेळण्यासारखे आहे. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सर्वसाधारण उमेदवारासाठी ३५ वर्षांपर्यंतच आहे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत वीजतंत्री नाही, म्हणून त्या दोन ठिकाणी हेलपाटे घालू नयेत.

हाताखाली काम करण्याच्या वाटेचा मोठा गुण म्हणजे पहिल्या आठवड्यापासून थोडी का होईना मजुरी मिळते आणि गिऱ्हाईक ओळखीचे होते. स्लॅबमधील पायपिंग, भिंतीला कटर मारणे, पॉइंटचा दर ठरवणे, उधारी वसूल करणे, या गोष्टी वर्गात शिकवल्या जात नाहीत. दोष असा, की उस्तादाच्या सवयी जशाच्या तशा अंगवळणी पडतात. चालू लाइनवर हात घालणे, अर्थिंग कागदापुरते ठेवणे, डीपीवर (गावच्या रोहित्राच्या खांबावर) चढून स्वतः फ्यूज टाकणे, या सवयींनी आपल्या भागात माणसे गेली आहेत. डीपी महावितरणची आहे आणि तिथे खाजगी वायरमनने हात लावायचा नाही. उस्ताद निवडताना त्याच्याकडे मेगर (तारांचे इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) आहे का आणि तो मेन बंद करून काम करतो का, हे दोन दिवस सोबत राहून पाहावे. अनुभवी कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला, म्हणजे आयटीआयच्याच अंतिम परीक्षेला, बसण्याची तरतूद आहे, त्यामुळे काम नोंदणीकृत ठेकेदाराकडे करावे आणि अनुभवाचे लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे. तोंडी अनुभव तिथे चालत नाही.

कोणते काम मिळेल हे भागावर ठरते. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात खोल बोअर आणि सबमर्सिबल मोटारी आहेत. कमी दाब आणि एक फेज गेल्यावर उरलेल्या फेजवर येणारा भार यांमुळे त्या जळतात, आणि ओलिताच्या दिवसांत मोटार भरणाऱ्याला उसंत नसते. भंडारा-गोंदियाकडे धानाला तलावांचे पाणी असते, तिथे घरांच्या वायरिंगवर अधिक भर ठेवावा. मोटार भरणे बसून करण्याचे काम आहे आणि गुडघे दुखणाऱ्याला ते मानवते, परंतु चाळिशीत जवळचे अंधुक होऊ लागते, म्हणून त्याआधी डोळे तपासून चष्मा घ्यावा.

निव्वळ वाइंडिंगवर पुढची वीस वर्षे काढण्याचा बेत मात्र मी सुचवणार नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरावी लागते, आणि पाच वर्षे दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. असे पंप जसजसे वाढतील, तसतशी गावच्या दुकानात येणारी मोटार कमी होईल आणि पॅनेल, कंट्रोलर, अर्थिंग समजणाऱ्या माणसाची गरज वाढेल. तिथेही आयटीआयवाल्याला आधी बोलावतात.

नोकरीच्या आशेने कोणी ही वाट धरत असेल, तर त्याने हे समजून घ्यावे की महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारासाठी चाळिशीच्या बरीच आधी संपते. स्वतःचा धंदा किंवा ठेकेदाराकडील काम हेच गृहीत धरावे. पत्नी किंवा मुलगा वावर सांभाळू शकत असेल आणि दोन वर्षांचा किराणा निघत असेल, तर वय न पाहता आयटीआय करावे, हे माझे स्पष्ट मत आहे. तसे जमत नसेल, तर उन्हाळ्यात महिनाभराचे प्रशिक्षण, त्यानंतर परवानाधारक ठेकेदाराकडे उमेदवारी आणि अनुभव जमल्यावर खाजगी उमेदवार म्हणून परीक्षा, या क्रमाने जावे. वेळ जास्त लागेल, पण चूल बंद पडणार नाही. आयटीआयचे ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, त्याआधी जुनी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा दाखला शोधून ठेवावा, कारण पंचवीस वर्षांपूर्वीच्या कागदाची दुय्यम प्रत काढायला वेळ लागतो.