ओटीपी मागितलाच नाही, फक्त अंगठा मागितला

माझी आई अमळनेर तालुक्यात आमच्या गावी राहते. वय ७६. गेल्या आषाढात एकाच दिवशी तिच्या खात्यातून आधी १०,००० आणि लगेच ९,५०० रुपये निघाले. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० येतात, ते ती आजारपणासाठी साठवत होती. साडेएकोणीस हजार म्हणजे तिचे तेरा महिने गेले. कुणाचा फोन नाही, लिंक नाही, ओटीपी नाही. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितोय.

श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला घरी गेलो होतो. पासबुक बरेच दिवस भरलेलं नव्हतं म्हणून भरून आणलं, तर शेवटच्या दोन ओळींवर नजर अडली. आईला विचारलं, पैसे कुणी काढले? तिला काहीच आठवेना. अंगठा कुठे लावला होता का, असं विचारल्यावर म्हणाली, "हो, एस.टी.च्या कार्डाला लावला."

पाराजवळ टेबल टाकून दोन पोरं बसली होती. गळ्यात ओळखपत्रं, समोर लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एस.टी. फुकट आहे, पण आता कार्ड लागेल, नाहीतर कंडक्टर खाली उतरवेल, असं सांगत होती. कार्डाचे पन्नास रुपये. आईला चोपड्याला बहिणीकडे सारखं जावं लागतं, तिला ते खरं वाटलं. आधारची झेरॉक्स दिली. बँक कोणती, हेही त्यांनी विचारलं, "सवलत खात्याला जोडायची आहे" म्हणून.

अंगठा काही उठेना. उभा जन्म निंदणीत आणि कापूस वेचण्यात गेला, तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजल्या आहेत. रेशन दुकानातही तिला चार-चार वेळा लावावा लागतो. त्या पोराने ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला, वर स्वतःच्या बोटाने दाबून धरला. मशीनमध्ये लाल उजेड लागला. "नाही आला आजी, परत लावा." आईने पदराला अंगठा पुसून परत लावला. माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्याच वेळी तो आला होता. तेव्हा दहा हजार गेले, दुसऱ्या वेळी साडेनऊ.

हे होतं कसं, ते मला बँकेत गेल्यावर समजलं. गावोगावी बँकमित्र ज्या मशीनवर पैसे काढून देतात, त्या आधारच्या व्यवहाराला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, बारा आकडी आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा. ना पिन, ना ओटीपी. आईने तिन्ही गोष्टी त्या टेबलावर ठेवल्या होत्या. मोबाइल नंबर खात्याला जोडलेला नव्हता, त्यामुळे मेसेज कुणाला येणार? "ओटीपी सांगू नका" हे आपण घरातल्या म्हाताऱ्यांना घोकून घोकून सांगितलं. अंगठ्याबद्दल मी एकदाही बोललो नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रेशन अंगठ्यावर, केवायसी अंगठ्यावर, सिमकार्ड अंगठ्यावर. मशीन पुढे आलं की त्यांचा हात आपोआप पुढे जातो, आणि ती सवय सरकारी कामांनीच लावली आहे.

एस.टी.चं म्हणाल, तर ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला. कंडक्टरला आधार किंवा मतदान ओळखपत्र दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. त्यासाठी पाराजवळ अंगठा द्यायची काहीच गरज नव्हती. काही नवीन निघालंच असेल, तर आगारात जाऊन विचारा.

बँकेत पहिलं उत्तर मिळालं, "ठसा तुमच्याच आईचा आहे, आम्ही काय करणार?" आई माझ्या मागे उभी होती, हळूच म्हणाली, "मनी चूक व्हयनी का रे भाऊ?" मला फार लागलं ते. चूक तिची नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये याबद्दल परिपत्रक काढलं होतं. बँकेची आणि ग्राहकाची दोघांची चूक नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम. आम्हाला संदेशच आला नव्हता, हे मी अर्जात पहिल्या ओळीत लिहिलं आणि पोच शिक्का मारून घेतली. तोंडी बोलून परत येऊ नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन केला. कळल्याबरोबर लगेच करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात. आम्हाला कळायलाच उशीर झाला होता.

घरी येऊन आईचे बोटांचे ठसे आधारच्या ॲपवरून लॉक केले. त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला लागतो, तो आधी आधार केंद्रात जाऊन जोडला. एक अडचण मात्र आहे: लॉक असलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. महिन्यातून एकदा थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं, ते आता भाची करते. झेरॉक्स द्यायचीच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार देतो.

बँकेला अर्ज देऊन तीस दिवस झाले आणि तक्रार मिटली नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. आमचे बावीस झालेत. दरम्यान आईने गल्लीतल्या बायांना पासबुकं भरून आणायला लावली. आणखी तिघींच्या खात्यात त्याच तारखेच्या नोंदी सापडल्या. आता चौघींची तक्रार एकत्र दिली आहे. आसपासच्या गावांत आषाढात असं टेबल लागलं असेल, तर घरातल्या म्हातारीचं पासबुक उद्याच भरून आणा.