दोस्ती की भागीदारी?

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या काऊबॉय-बंदूकबाजांच्या सिनेमातल्या जोड्या दोन जातींच्या. 1969 च्या 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'मधली पॉल न्यूमन (बुच) आणि रॉबर्ट रेडफोर्ड (सनडान्स) या दरोडेखोरांची जोडी म्हणजे निखळ दोस्ती. पाठलाग करणारे कड्यावर गाठतात, खाली नदी, आणि सनडान्स उडी मारायला तयारच नाही. शेवटी ओरडून कबूल करतो, पोहता येत नाही! बुच खो खो हसत सुटतो. अरे, पडूनच मरशील, पोहायचं काय घेऊन बसलास! बोलिव्हियात सैन्याने वेढल्यावरही हा पठ्ठ्या आता ऑस्ट्रेलियाला जाऊ म्हणतो.

सर्जिओ लिओनेच्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मध्ये (1966) मात्र रोखठोक धंदा. बंदूकबाज ब्लाँडीने फरार गुन्हेगार टुकोला पकडून द्यायचं, इनाम घ्यायचं, फाशीच्या वेळी गोळीने दोर तोडायचा, पैसे निम्मे-निम्मे. मान माझी अडकते म्हणून टुको जास्त वाटा मागतो. वाटा कमी झाला तर नेम चुकू शकतो, असं ब्लाँडी शांतपणे सुचवतो. पुढे दोन लाख डॉलर पुरलेली दफनभूमी एकाला ठाऊक, थडग्यावरचं नाव दुसऱ्याला. म्हणून दोघं एकमेकांना जिवंत ठेवतात.

तरी मला ही दुसरी जोडीच जास्त आवडते. मठात टुकोचं सख्ख्या भावाशी जोरदार वाजतं. बाहेर येऊन तो थाप मारतो, भाऊ माझ्यावर जीव टाकतो, त्याच्याकडे आपल्याला वाटीभर सूप कधीही मिळेल. ब्लाँडीने भांडण ऐकलेलं असतं. तो काही बोलत नाही, जेवणानंतर सिगार हवाच म्हणत तोंडातला सिगार टुकोला देतो.